वाढत्या मापाचे बूट

“आधी एक मोजा काढा,” हे भाईंचं गिऱ्हाइकाशी पहिलं वाक्य. या नाही, बसा नाही. दोह्याच्या मॉलमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात ते गुडघ्यावर बसलेले असत आणि समोर स्टुलावर कुणाचं तरी मूल, एकावर एक दोन जाड मोजे घालून. तुम्हीही हेच केलं असतंत. बर्फात जायचंय म्हटलं की पोराला लोकरीत गुंडाळायचं, एवढंच आपल्याला कळतं.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपाच्या आदल्या हिवाळ्यात मुलाची शाळा जॉर्जियाला स्की शिकवायला नेणार होती, म्हणून मी अल वक्राहून खास तिथे गेले. भाई रत्नागिरीचे, माझंही माहेर रत्नागिरी. हे कळल्यावर मी हक्काने भांडायला मोकळी झाले.

“दोन नंबर मोठे द्या, भाई. वाढत्या मापाचे. पुढच्या वर्षीही होतील.”

“शाळेचे घ्या ताई वाढत्या मापाचे. बर्फात नुसतं चालायचे असते, तर मीच अंगठाभर जागा ठेवली असती. हे घसरायचे आहेत. यात टाच हलली की पोर गेलं गडगडत.”

त्यांनी बुटातलं मऊ अस्तर उपसून काढलं, पोराचा पाय नुसत्या कडक कवचात ठेवला आणि टाचेमागे बोटं घालून पाहिली. मग अस्तर परत आत, बक्कलं बंद. “आता गुडघे वाकव. बोटं मागे सरली?”

“इट्स फाइन,” मुलगा म्हणाला.

“पोरांचं फाइन ऐकायचं नाही,” भाई मला म्हणाले. “रंग आवडला की बोटं दुमडून घेतील, पण हो म्हणतील.” आणि दुसरा जोड काढला.

मला रागच आला. “तुम्ही स्वतः बर्फ तरी पाहिलाय का?”

“पाहिलाय की. जेटीवर. सुरमईखाली.”

कपाळ माझं! ते देतील ते बूट घेतले. मुलगा हसत गेला आणि धड पायांनी परत आला. मग मी ओळखीच्या सगळ्या आयांना त्यांच्याकडे पिटाळलं.

जाता-येता मीही डोकवायचे. भाई साडेतीन वर्षं घरी गेले नव्हते. आधी कोविडमुळे विमानं बंद, मग माणसं कमी, मग मॅनेजरचं “कप होऊ दे, मग जा.” “इन्शाल्ला, कप झाला की,” असं तेही म्हणत. त्यांची मुलगी सात वर्षांची झाली होती आणि हल्ली फोनवर येत नव्हती. “हाक मारली की पळते,” असं हसून सांगायचे आणि पुढच्या पोराचा पाय हातात घ्यायचे.

जुलैत मी माहेरी निघाले, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक खोका दिला. आत गुलाबी, फर लावलेले बर्फाचे बूट.

“अहो, रत्नागिरीच्या पावसात?”

“व्हिडिओत पाहिलेत तिने. हेच पाहिजेत म्हणते. हे बघून तरी बोलेल माझ्याशी.”

मी म्हटलं, घरून कागदावर पाऊल काढून मागवा. तर भाई दुखावलेच. “माझ्या पोरीचं माप मला कागद सांगणार? पाय वर्षाला किती वाढतो ते मला ठाऊक आहे.”

त्यांच्या घरी पोरीने खोका उघडला आणि किंचाळलीच आनंदाने. खाली बसून बूट रेटून रेटून चढवले. उभी राहिली ती वाकडी, डोळ्यांत पाणी. “बसले,” म्हणाली. “अब्बांना सांगा, छान बसले.”

“तसंच सांगा ताई,” तिची आईही म्हणाली. “एवढ्या लांबून पाठवलेत.”

मी घरी पोचते तोच भाईंचा फोन. “बसले ना?”

आयुष्यात मी काय कमी थापा मारल्यात? पण त्या माणसाला बुटाच्या मापाबद्दल खोटं सांगायला जीभ रेटेना. “नाही हो. दोन नंबर लहान पडले.”



“एवढी झाली?” भाई म्हणाले, आणि फोन ठेवला. मला माझीच चीड आली. एक खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

ऑगस्टअखेर परतले, तर दुकानात फुटबॉलचे बूट छतापर्यंत रचलेले आणि भाई नाहीत. काउंटरवरची मुलगी हिंदीत म्हणाली, “खलास करून गेले, नोकरी सोडून. आता गेलात तर परत घेणार नाही असं मॅनेजरने बजावलं, तरी गेले.” सगळं जग दोह्याला यायला निघालं होतं आणि हा बाबा निघून गेला! मी तिथूनच फोन लावला.

“काय हे, भाई! चार महिन्यांचा तर प्रश्न होता.”

“तेवढ्यात अजून वाढली असती, ताई.”

“आता तरी नीट माप घेतलंत ना?”

“आठ दिवस लाजत होती. पाय पुढे करेना. आज सकाळी आपणहून माझ्या मांडीवर ठेवला.”

“मग? किती भरला?”

“अरे,” भाई म्हणाले, “मापायचं राहिलंच की.”