मनोहरभाऊचं कथील

गडचिरोलीच्या मोटारीचा ड्रायव्हर सायंकाळी सरळ आमच्या चांद्याच्या घरी आला. "बाई, मनोहरभाऊ गेले. ताप उतरलाच नाई." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मी सांगत होती त्याले!" महिना उलटला तरी तो राग काही गेलेला नाही. मोठा भाऊ गेल्यावर बहिणीनं रडावं. मला त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

भाऊ दगडांचा माणूस. नोकरी भूगर्भ खात्यात, बिऱ्हाड नागपूरला आणि जीव इकडच्या जंगलातल्या एका ग्रॅनाइटच्या टेकडीत. तिथं कथील सापडणार, हा त्याचा ध्यास. जेवता जेवता समजावायचा... जमिनीखालचा तापलेला रस थंड होत होत ग्रॅनाइट बनतो, त्यात न मावलेलं कढत पाणी शेवटी उरतं, आणि तेच कथील घेऊन वरच्या भेगांत शिरतं. तिथं गारगोटीच्या शिरा, पांढरा अभ्रक, काळं टुर्मलीन असा सगळा गोतावळा जमतो. कथिलाचा खडाही काळाच, पण टुर्मलीनहून कितीतरी जड, म्हणून भाऊ प्रत्येक काळा खडा हातावर तोलून बघायचा. भाऊच्या टेकडीवर गोतावळा सगळा होता, कथील तेवढं नव्हतं. "वऱ्हाड आलं, नवरदेवच नाई तुझा," मी चिडवायची. "येऊन राह्यला, वाटेत हाय," तो म्हणायचा.

मग एकदा टेकडीखालच्या नाल्याची वाळू धुवून त्यानं तपासायला पाठवली आणि उत्तर आलं, कथील आहे! नागपूरच्या कचेरीत बदली होत होती, ती त्यानं लगेच नाकारली. वहिनीनं तिकडे किती वाट बघायची, हे त्याच्या मनातही आलं नाही. पुढं लग्नसराईत चांद्याचा कल्हईवाला, रहीमचाचा, टेकडीखालच्या गावात गेला आणि नेमका त्याच नाल्याकाठी भाता मांडून बसला.

"चाचा, इथी काऊन बसले?" भाऊनं विचारलं.

"हरसाल इथीच बसतो साहब. भांडे घासाले रेती हाय, धुवाले पानी हाय... राख बी नाल्यातच जाते."

कल्हई म्हणजे कथीलच की! गावभरच्या पितळी भांड्यांचं कथील भाऊनं टेकडीच्या नावावर चढवलं होतं. ज्या भांड्यांत शिजलेलं रोज खात होता, त्यांना कल्हई कुठं होते एवढं विचारायला काय झालं होतं?

मी म्हटलं, "भाऊ, आता तरी घरी जा. वहिनी एकटी हाय." तर म्हणे, "नाल्यातलं खोटं निघालं. टेकडी थोडीच खोटी हाय?" अशा माणसापुढं काय डोकं फोडावं... बदली पुन्हा मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. हिवतापानं अंथरुणाला खिळवलं, तरी नाही. उठला की पुन्हा टेकडी.

परवा नागपूरला वहिनीकडे गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. सुपात एक काळा खडा निघाला. ती त्या टेकडीवर कधी गेलेली नाही, तिला कुणी काही शिकवलेलंही नाही. पण तिनं तो खडा तळहातावर घेतला आणि हात जरासा वर-खाली केला, अगदी भाऊ करायचा तसा.

"हलका हाय," ती म्हणाली. खडा दाराबाहेर टाकला आणि पुन्हा सुपात बघू लागली.