बिट्टीचा रोजा

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो, कुत्र्यांचा आणि खेचरांचा. शेवटचं पोस्टिंग देहूरोडला मिळालं. तिथूनच हवालदार म्हणून रिटायर झालो आणि इंदुरीला घरी आलो. महिनाभरात घरच्यांना माझा वीट आला, कारण मला एका जागी बसवत नव्हतं. शेवटी घोरावाडी स्टेशनजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात काम धरलं. ऑपरेशन चालू असताना मी मॉनिटरसमोर बसतो. भूल दिलेल्या जनावराचा श्वास, ठोके, जिभेचा रंग बघायचा आणि मुग्धा डॉक्टरांना सांगत राहायचं.

यंदाच्या रमजानमध्ये आमच्या गल्लीतल्या शकिला मावशी बिट्टीला घेऊन आल्या. मावशींचं बांगड्यांचं दुकान आहे. नवरा वारला, मुलगी सासरी गेली, घरात सोबतीला ही एक मांजर. बिट्टीची दाढ सडली होती आणि ती वाळून काटकी झाली होती. दाढ काढायची तर पूर्ण भूल द्यावी लागते.

"मावशी, उपाशी आणलंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. रोजा धरल्यागत उपाशी हाय."

भुलीआधीचं गुंगीचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात बिट्टीला उमासे आले आणि भिजवलेली भाकरी, खिमा सगळं बाहेर पडलं.

"हेड डाऊन," डॉक्टर म्हणाल्या.

"डाऊन."

"सक्शन."

"ऑन." उलटी ओढून घेणारी नळी मी तिच्या तोंडात धरली.

"एअरवे?"

"क्लीअर, मॅडम. श्वास मोकळा आहे."

"अबॉर्ट. आज भूल नाही."

जीभ गुलाबी होती, तरी मी ती पुन्हा पुन्हा बघत होतो. पूर्ण भूल चढल्यावर जनावराला गिळता येत नाही, खोकता येत नाही. तेव्हा उलटी झाली असती तर ती सरळ फुप्फुसात गेली असती.

गुंगी उतरवल्यावर डॉक्टरांनी मावशींना जवळ बसवून विचारलं, शेवटचं कधी खाल्लं?

"सहेरीला. पहाटं माझ्याबरुबरच जेवती ती. अजान झाल्यावर थेंब न्हाई दिला."

यात दोष कुणाला द्यायचा? त्या घरात उपास पहाटे सुरू होतो, तसा तो मांजरीचाही झाला. तेव्हापासून आम्ही नुसतं 'उपाशी आहे का' असं विचारत नाही. शेवटचा घास कधी आणि कशाचा, ते विचारतो.

पुढची तारीख येईपर्यंत मला चैन पडत नव्हतं. मावशींच्या दारावरून उगाच फेऱ्या मारायचो. बिट्टी दिवसेंदिवस खंगत होती, फार थांबून चालणार नव्हतं.

त्या सकाळी मावशी आल्या तेव्हा त्यांचे ओठ सुकले होते. बिट्टीला रात्रीपासून फक्त पाणी दिलं होतं.

"तुमी सहेरी केली का?" मी विचारलं.

"पाणी पेले. ही ताटासमोर बसून बघत हुती. घास कसा उचलायचा?"

यावेळी भूल शांतपणे चढली. श्वासनळीत नळी गेली. एवढासा जीव लवकर गार पडतो, म्हणून दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. मध्येच ठोके उतरू लागले. मी सांगितलं, डॉक्टरांनी भूल कमी केली, ठोके वर आले. दाढ निघाली. तरी बिट्टी मान उचलेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

बाहेर आलो तर शर्ट घामाने भिजला होता. मावशींनी ते पाहिलं.

"मांजरापायी एवढा घाम, सदा?"

तेव्हा मी त्यांना चेरीबद्दल सांगितलं. घरी हे कधी बोललो नव्हतो. चेरी आमच्या पोस्टवरची लॅब्राडोर, सुरुंग हुंगून काढायची. जेवण झाल्या झाल्या ती ड्युटीवर निघाली आणि स्फोटात तिच्या पोटात तुकडा घुसला. वायरलेसवर उत्तर आलं, "हवामान खराब. हेलिकॉप्टर नाही. ओव्हर." वाट बघितली असती तर रक्तस्रावाने गेली असती. आमचे जनावरांचे डॉक्टर, कॅप्टन साहेब, यांनी तिथेच ऑपरेशनसाठी भूल द्यायला घेतली. भूल चढताना तिला उलटी झाली. सक्शन माझ्या हातात होतं. ते पुरलं नाही, चेरी गेली. तिला सांभाळणारा जवान, तिचा हँडलर, पट्टा हातात धरून तंबूबाहेर उभा होता. त्याला आत येऊन बघ म्हणून मीच सांगितलं. मला तिची फार आठवण येते.

मावशींनी फक्त नाव पुन्हा विचारून घेतलं.

संध्याकाळी बिट्टी कशी आहे ते बघायला गेलो. रोजा सोडण्याआधी मावशींनी दुआसाठी हात उचलले. बिट्टीसाठी मागितलं, मुलीसाठी मागितलं. मग त्यांनी चेरीचं नाव घेतलं. फौज सोडल्यापासून ते नाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.