दोनशे टक्क्यांचा भूकंप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर पुढचं सांगणार नाही. आणि एक गोष्ट आधीच ठणकावून सांगते: त्या दिवशी मी जे केलं, ते कुठल्याही शहाण्या लातूरकरानं केलंच असतं! घ्या, चहा घ्या, साय धरायली त्याच्यावर.

तर झालं असं. बीएस्सी झाल्यावर मी लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागले. पालकांना बॅचच्या वेळा सांगायच्या, आणि टेबलावरच्या माइकवरून सूचना द्यायच्या, 'बायोलॉजीची बॅच हॉल नंबर दोनमध्ये बसेल' वगैरे. माइक काय, कॉम्प्युटर काय, दोन्हींचा आवाज तिन्ही हॉलमधल्या आणि बाहेरच्या स्पीकरला जोडलेला.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. पण यात माझा काय दोष? मी जन्मले भूकंपानंतरच्या वर्षी. भूकंप मी बघितलेला नाही, पण आमची आई अजून दाराकडं डोकं करून झोपते. बाकीच्या लेकरांना आधी चालायला शिकवतात, मला थेट पळायला शिकवलं!

त्यामुळं रोज ऑफिसात आलं की पहिलं काम काय, तर जगात कुठं काय हाललं ते सांगणारी एक वेबसाइट उघडायची. दिवसभर ती उघडीच. ती विचारायची, सूचना पाठवू का? मी 'ब्लॉक' दाबायची. आवाज करू का? ब्लॉक. कुठलीही वेबसाइट काहीही मागू दे, माझं उत्तर एकच. अनोळखी माणसाला आपण घरात घेतो का? मग?

आता मुद्द्यावर येते. नांदेडला एमएस्सी करायचं माझ्या मनात होतं. घरात म्हणाल तर माझ्या बाजूनं फक्त मी. अहमदपूरचं एक स्थळ आलेलं, मुलाचं मोंढ्यात धान्याचं आडत दुकान. वडील म्हणाले, "फॉर्म भरून बघ. गेला तर जा नांदेडला. न्हाई तर रविवारी पाहुणे येतेत." आईनं तर पाहुण्यांसाठी नवे कपही आणून ठेवले. यावरून काय ते समजा.

फॉर्मचा शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. आधी का नाही भरला? भरला होता हो! बारा वेळा तपासत होते. आणि दुपारी सव्वाचारला 'अंतिम सादर करा' दाबलं, तर काहीच होईना. परत दाबलं. सतरा वेळा दाबलं. ते बटण आपलं ढिम्म!

नांदेडला शबानाला फोन लावला. शबाना म्हणजे माझी कॉलेजातली जिवाची मैत्रीण. तिच्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिकडच्या होस्टेलात माझ्यासाठी एक खाट अडवून ती महिनाभर वॉर्डनशी भांडत होती.

"शबाना, बटणच चालेना गं!"

"रडू नको पहिले. वर कोपऱ्यात बघ, पॉप-अप अडवला म्हणून बारीक अक्षरात काही लिहिलंय का?"

"मला तर मुंग्या दिसायल्यात नुसत्या."

"मग अक्षरं मोठी कर ना माय! सेटिंगमध्ये जा. झूम लिहिलंय तिथं वाढव."

"किती?"

"दिसूस्तोवर!"

वाढवत वाढवत दोनशे टक्क्यांवर नेलं. अक्षरं अशी झाली, की रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यानंही माझी जन्मतारीख वाचली असती. पान काही स्क्रीनमध्ये मावेना, अर्धं उजवीकडं बाहेर गेलं. पण जे दिसत होतं ते काय सुरेख दिसत होतं!

"हां, लिहिलंय. पॉप-अप अडवलाय."

"अलाव कर. आणखी काय काय अडवून ठेवलंय तू?"

मी वाचून दाखवलं. सूचना बंद. आवाज बंद. कॅमेरा बंद. खाली तर वेबसाइटांची यादीच होती, सगळ्यांना मी स्वतःच्या हातानं हाकललेलं.

"या अल्ला! तू ब्राउजर वापरून राहिली का तुरुंग चालवून राहिली? सोड सगळ्यांना! सगळं अलाव कर!"

आणि मी, जन्मात पहिल्यांदा, सगळं अलाव केलं. एकेकाला सोडलं. काय मोकळं वाटलं सांगू!

बटण दाबलं. खिडकी उघडली! आत लांबलचक घोषणापत्र, खाली टिक करायचा चौकोन, त्याच्याखाली 'सादर करा'. मी फोन ठेवला आणि घोषणापत्र वाचायला घेतलं. हो, वाचतात काही माणसं.

तिसऱ्या ओळीवर असताना भोंगा वाजला.

साधासुधा नाही. गिरणीचा वाजावा तसा, तिन्ही हॉलमधून, वरून, बाहेरून. आणि स्क्रीनवर ती रोजची वेबसाइट आपोआप पुढं आली. वीतभर लाल अक्षरं: भूकंप. पुढं सहाच्या वरचा आकडा. कुठं झाला, ते उजवीकडं होतं. आणि उजवीकडचं तर दोनशे टक्क्यांमुळं बाहेर गेलेलं.

सरकवून बघायचं होतं, असं म्हणताय? का सरकवू? भूकंप झाल्यावर माणूस स्क्रोल करत बसतं का?

मी माइकचं बटण दाबलं. "भूकंप! बाहेर पळा! पुस्तकं टाका!" आणि पळाले. पळाले म्हणजे पळाले! चप्पल टेबलाखाली, फोन टेबलावर.

मॉक टेस्टला रोज उशिरा येणारी तीनशे पोरं एका मिनिटात समोरच्या रिकाम्या प्लॉटवर होती. आम्हाला बघून शेजारचा क्लास रिकामा झाला. तो बघून मुलींचं होस्टेल. मेसच्या काकू पळीसकट आल्या. आमचे फिजिक्सचे बिराजदार सर सगळ्यात शेवटी, खडू हातात तसाच. मला इतकं भरून आलं! मी लोकांचे जीव वाचवले होते.

मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. होस्टेलच्या दोरीवरचे कपडे जागच्या जागी होते. रसवंतीच्या चाकाला बांधलेली घुंगरं गप्प होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनची ती उजवी बाजू आली.

त्याच्या मागोमाग फॉर्म आठवला.

"सर," मी हळूच म्हणाले, "भूकंप बहुतेक इथला नाही."

"मग कुठला?"

"ते... उजवीकडं लिहिलं होतं."

"इथला न्हाई कसा?" रसवंतीवाले चाचा पुढं झाले. "माझे गिलास वाजले की टिणटिण! ह्या कानानं ऐकले म्या."

"माझ्या आमटीचं झाकण उडालं," काकू म्हणाल्या.

"काकू, ते वाफेनं उडालं असंल."

"तीस वर्षं आमटी करायले मी. मला वाफ शिकवायलीस का?"

सरांनी हात वर केला. गर्दी गप्प. "पहिली लाट बारीक असते, ती सगळ्यांना जाणवत नाही. मोठी त्याच्या मागून येते. कुणीही आत जायचं नाही." तीनशे पोरांनी माना हलवल्या. एकानं तळहातावर लिहूनही घेतलं.

पोरांना क्लासात फोनबंदी. सरांच्या फोनवर खरंखोटं बघावं, तर त्यावर पालकांचे फोन सुरू झालेले, ते थांबायला तयार नाहीत. काढायचा कसा माझा भूकंप लोकांच्या डोक्यातून? घालायला तर दोन सेकंद लागले होते!

तेवढ्यात आई आली. आमचं घर दोन गल्ल्या पलीकडं. हात कणकेनं भरलेले, आणि त्याच हातानं तिनं माझं मनगट धरलं.

"अश्विने, लागलं न्हाई ना?"

"आई, सोड. भूकंप नाही झाला. माझा फॉर्म राहिलाय आत."

"राहू दे."

"अगं, पंधराच मिनिटं राहिलीत. पाचनंतर घेत नाहीत."

आई हळू आवाजात म्हणाली, "मग तर बरंच झालं की." आणि मनगट आणखी आवळलं.

तुम्हाला सांगते, त्या एका वाक्यानं माझ्यातला घाबरटपणा कुठल्या कुठं गेला. मी रसवंतीच्या बाकड्यावर चढले. एका हाताला आई लटकलेली.

"ऐका सगळ्यांनी! भूकंप मी सांगितला होता. मीच तो मागं घेते!"

"अश्विनी," सर म्हणाले, "भूकंप मागं घेता येत नाही."

"येतो! आणि आला नाही तर ती इमारत माझ्या डोक्यावर पडू दे, पण रविवारी माझ्या घरी पाहुणे येणार नाहीत!"

रविवारचा आणि भूकंपाचा संबंध कुणालाच कळेना, तोवर मी मनगट पिळलं. कणीक ओली होती, हात सुटला. आजवर इमारतीतून बाहेर पळत आले, त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून आत पळाले. मागं तीनशे पोरं 'मॅडम, नको!' म्हणून ओरडत होती. आई तर नावानं हंबरडा फोडत होती.

आत भोंगा चालूच. मी खुर्चीत बसले आणि पान उजवीकडं सरकवलं. कुठल्याशा महासागरातल्या बेटाजवळ, पाण्याखाली झाला होता. बेटाचं नाव मला आजही उच्चारता येत नाही.

ते पान बंद केलं. फॉर्मची खिडकी तशीच उघडी, माझी वाट बघत. पाचाला आठ मिनिटं कमी. घोषणापत्र न वाचता टिक केलं. हो, न वाचता! सादर करा. आणि वीतभर अक्षरं आली: आपला अर्ज सादर झाला आहे.

आता माझ्या अंगात काय संचारलं, विचारू नका. मी माइक चालू केला.

"सूचना. भूकंप समुद्रात झालेला आहे. लातूरला काहीही झालेलं नाही. ज्यांचे गिलास वाजले, झाकणं उडाली, त्यांनी आपापल्या घरी जावं. घाबरट लोकांनी जरा शिकावं. मी इथं एकटी आत बसलेली आहे आणि काहीही झालं तरी इथून हलणार नाही!"

बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. पोरं दाराकडं यायला लागली. सर तर पायरीपर्यंत आले. मी ताठ बसून, राणीसारखं, पावती छापायचं बटण दाबलं.

प्रिंटर त्याच लोखंडी टेबलावर होता. टेबलाचा एक पाय आखूड. प्रिंटर घर्रर्र करून जागा झाला, आणि टेबल थडथडलं. मॉनिटर डुलला. पेनाचा डबा आडवा झाला.

माइक चालूच होता. त्यामुळं पुढचं अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"आई गं! आला!!"

मी दारात सरांना धडकले, त्यांच्यासकट पायरी उतरले. माझ्यापुढं तीनशे पोरं, चाचा, पळी, सगळे परत प्लॉटवर. यावेळीही मी चपलेसाठी वाकले नाही.

स्पीकरमधून मात्र घर्रर्र, टक्, घर्रर्र ऐकू येत होतं, अगदी निवांत. भूकंप असा कागद ओढत येत नाही, हे सगळ्यात आधी आईला कळलं. ती पदराला हात पुसत एकटी आत गेली. कुणी अडवलं नाही. दोन मिनिटांनी एका हातात माझ्या चपला आणि दुसऱ्या हातात पावती घेऊन बाहेर आली. पावतीवर कणकेची पाच बोटं.

तिनं कागद माझ्या हातात दिला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि सगळ्या गर्दीसमोर म्हणाली,

"जा बाई नांदेडला. फक्त खोली झेरॉक्सच्या दुकानाजवळ घेऊ नको."