रद्द करा आणि राहू द्या

सुरतेत बमरोलीच्या एका डाइंग मिलसाठी, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यासाठी, आमच्या छोट्या कंपनीने एआय एजंट बनवला होता. व्यापारी, म्हणजे मिलच्या भाषेत पार्टी, मोबाइलवर निरोप पाठवणार आणि एजंट तो वाचून योग्य ते टूल वापरणार. एक टूल ऑर्डर थांबवण्याचं, एक रद्द करण्याचं, एक कापडाचा हिशोब पाहण्याचं. कोणतं टूल कशासाठी, हे एजंटला कळतं ते त्याच्या वर्णनावरून. ती वर्णनं मी लिहिली होती, एका दुपारी, घाईत.

तिसऱ्याच दिवशी एका जुन्या पार्टीने लिहिलं, "हमणां रहेवा दो," म्हणजे आत्ता राहू द्या. एजंटने ऑर्डर रद्द केली. मशीनवरची त्यांची जागा दुसऱ्याच्या लॉटला गेली असती, पण प्लॅनिंगला बसणाऱ्या बाईंनी यादी पाहताच पार्टीला फोन लावला. पार्टीला फक्त दोन दिवस थांबायचं होतं.

मला मिलमध्ये बोलावलं गेलं. त्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. सगळे त्यांना बेन म्हणत. मी घाबरून तिथूनच आईला फोन केला, अहिराणीत दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. त्यांनी मान वर केली.

"खान्देशनी शे का तू?"

"हो. इथे सुरतेतच, नवागामला राहतो आम्ही. वडील लूमवर होते."

"मग बेन काय म्हणतेस? मावशी म्हण. आणि दाखव काय लिहिलंयस ते."

मी लॅपटॉप वळवला. थांबवण्याच्या टूलपुढे लिहिलं होतं, 'ऑर्डरची स्थिती बदलते.' रद्द करण्याच्या टूलपुढेही तेच. मावशींनी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या.

"नवीन माणसाला एवढंच सांगून तू कामाला लावशील का?"

"पण टूलच्या नावातच आहे ना, थांबवा आणि रद्द."

"नाव तुला कळतं, कारण तूच ठेवलंयस. कधी वापरायचं ते कुठाय? कधी वापरायचं नाही ते? आणि चुकीचं वापरलं तर काय होतं?"

मला राग आला होता, खरं सांगते. चार वर्षं हेच काम करत होते मी. पण मी वही उघडली.

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. त्या बोलत, मी लिहीत असे. रद्दचं वर्णन असं झालं: 'पार्टीने रद्द करा असं स्पष्ट म्हटलं तरच वापरायचं. राहू द्या, हमणां नहीं (आत्ता नको), पछी जोईशुं (नंतर पाहू), हे रद्द नव्हे. तेव्हा ऑर्डर थांबवायची. रद्द केल्यावर मशीनवरची जागा जाते, परत मिळत नाही. शंका असेल तर पार्टीला विचारायचं.'

हिशोबाच्या टूलमध्ये मी 'संख्या' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "वीस काय? वीस मीटर की वीस ताके?" ताका म्हणजे कापडाचा अख्खा तागा. मी कपाळावर हात मारला.

मग मी उत्साहाने प्रत्येक टूलला अर्धं पान लिहून नेलं. त्यांनी वाचलं, आणि पेनाने निम्म्याहून जास्त खोडलं. "एवढं वाचेपर्यंत माणूस पहिलं विसरतो. ज्याने चूक होते तेवढंच ठेव."

त्या दहावीनंतर लग्न होऊन शिरपूरकडून सुरतेला आल्या होत्या. मिलमध्ये कापडाच्या घड्या घालण्यापासून सुरुवात केली. ओडिया, हिंदी, मराठी बोलणारी माणसं एकाच खात्यात, आणि कुणाचं सांगणं कुणाला नीट कळत नसे. गैरसमज कुठे होतो, हे त्यांनी तिथे रोज पाहिलं होतं. मी कॉम्प्युटर शिकले होते, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी आम्ही पार्ट्यांचे जुने निरोप एजंटला देऊन पाहिले. अवघड निरोप मावशींनीच निवडले. एक होता, "काले कह्युं हतुं ते नहीं करता." काल सांगितलेलं करू नका, एवढंच. एजंटने काही थांबवलं नाही, काही रद्द केलं नाही. त्याने विचारलं, 'तुमच्या काल दोन ऑर्डरी आल्या आहेत. त्यातली कोणती?'

"हां," मावशी म्हणाल्या आणि चहा मागवला.

मिलच्या शेठांनी माझं कौतुक केलं, तेव्हा मी म्हटलं की वर्णनं मावशींची आहेत, मी फक्त टाइप केली. मावशी लाजल्या नाहीत. "मी सांगितलं, हिने ऐकलं," त्या म्हणाल्या. "ऐकत नाहीत लोक."

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तिथे गेले. प्लॅनिंगमध्ये दोन नव्या मुली लागल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर आमची वर्णनं छापून चिकटवलेली होती. एजंटसाठी लिहिलेली, जशीच्या तशी. रद्दच्या खाली मावशींच्या अक्षरात पेनाने एक ओळ वाढवली होती: 'लग्नसराईच्या गर्दीत रद्द म्हटलं तरी एकदा विचारून घ्यायचं.' मी तिचा फोटो काढला, आणि त्याच दुपारी ती ओळ एजंटच्या वर्णनातही घातली.