एर्लिंदाचा खालचा सूर

आमच्या सान अँटोनियोच्या पश्चिम वस्तीत एर्लिंदाला नावानं हाक मारणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांसाठी ती ‘ओतिलियाची बहीण’. दोघी जोडीनं गायच्या, लग्नांत, नामकरणांत, चर्चच्या जत्रेत. वरचा सूर ओतिलियाचा, म्हणजे गाण्याची चाल तिच्याकडे. खालचा एर्लिंदाचा. तो नसला तर गाणं पोकळ वाटतं, असला तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शेवटच्या शब्दाआधी ओतिलिया एक सूर असा लांबवायची की लोक शिट्ट्या मारायचे. तेवढा वेळ एर्लिंदा तोंड मिटून, मान डावीकडे वळवून तिच्याकडे बघत ताटकळायची. मग तो शब्द दोघी मिळून म्हणायच्या.

पोट मात्र एर्लिंदानं इस्त्रीवर भरलं. तिच्या लाँड्रीला लागून माझं केस कापायचं दुकान, त्यामुळे तिची चिडचिड मी रोज ऐकली आहे. यंदा ईस्टर उलटला आणि ओतिलिया गेली. एर्लिंदा चारचौघांत रडली नाही. बहिणीचे नाचाचे बूट माझ्यापुढे आपटून म्हणाली, “घाल. तुझेही पाय बदकाचेच आहेत.”

त्यानंतर एवारिस्तो आला. टायरवाल्या साल्दान्यांचा मुलगा, सिनेमे काढतो. त्याच्या कथापटांत आई मेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवरचे माहितीपट मात्र तो छान करतो, कारण तिथे त्याला गप्प बसावं लागतं. त्याला या दोघींवर माहितीपट करायचा होता.

एर्लिंदाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लागला. दोघींना साथ करणाऱ्या म्हाताऱ्या चेमानं गिटार छेडली. विहिरीचं गाणं, आमच्या वस्तीत पोराटोरांना पाठ असलेलं. एर्लिंदा गप्प.

“मावशी, गा ना,” एवारिस्तो म्हणाला.

“ती चाल उचलत नाही तोवर मी कशी येऊ?”

चेमानं पुन्हा सुरुवात केली, आणि ती गायली. खालचाच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आवाज मुद्रित करणारा माणूस कुजबुजला, “बाई चाल विसरल्या.”

“विसरलं तुझं डोकं! मला हीच चाल येते.”

एवारिस्तोनं समजूत घातली. “जुन्या रेकॉर्डवरचा ओतिलियामावशींचा आवाज वर जोडतो. लोक ढसाढसा रडतील बघा.”

“हात तर लावून बघ! आयुष्यभर तिच्या खाली गायले, आता ती मेल्यावरही तिच्याच खाली?”

“पण लोक हसतील, मावशी. म्हणतील, हिला गाता येत नाही.”

“हसू देत. एकदा माझा सूर ऐकू तर देत.”

मी तिला खूप समजावलं. उद्या बाजारात टवाळी झाली तर तोंड कुठे लपवणार होती? पण तिनं माझ्याकडे पाठ केली आणि इस्त्री फिरवत राहिली.

चर्चच्या सभागृहात सिनेमा दाखवला. सगळी वस्ती लोटली. आम्ही दोघी पुढच्या रांगेत. पडद्यावर एर्लिंदा गायला लागली आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं. माझा जीव अर्धा झाला. तेवढ्यात बेकरीवाल्या तोरिबियोनं माणुसकी दाखवली. आपल्या फाटक्या आवाजात त्यानं वरची चाल धरली. बघता बघता सगळं सभागृह गाऊ लागलं. मला भरून आलं.

एर्लिंदा ताडकन उठली. “गप्प बसा रे मेल्यांनो! तिचं ऐकलंत ना जन्मभर? आज माझं ऐका!”

सगळे चिडीचूप. मग मीही ते ऐकलं, इतकी वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच. खालचा सूर फारसा हलत नाही. थोडा चढतो, परत येतो, वाट बघतो. एकटा ऐकला तर वेगळंच गाणं आहे ते, आणि देखणं आहे. मला स्वतःची लाज वाटली.

गाणं शेवटाला आलं. पडद्यावरच्या एर्लिंदानं तोंड मिटलं आणि मान डावीकडे वळवली. तिथे स्वयंपाकघराची नुसती भिंत. एवारिस्तोनं तिथे काही कापलं नव्हतं. चेमाची गिटारही थांबली. एर्लिंदा भिंतीकडे बघत थांबली, थांबली, आणि मग शेवटचा शब्द एकटीनं म्हणाली.

टाळ्या पडल्या तेव्हा ती परत माझ्या शेजारी बसली होती. डोळे पुसत मला म्हणाली, “श्वास फार लांब होता गं मेलीचा.”