निळ्या कापडातलं पुस्तक

राज्यांची नवी वाटणी झाली आणि राजधानीचं नागपूर आमच्यापासून सुटलं. आम्ही बऱ्हाणपूरकर जागचे हललो नाही. घरं तीच, तापी तीच, फक्त सरकारी पाकिटांवर भोपाळचा शिक्का येऊ लागला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. शिक्के बदलतात. मला राग आला तो दुसऱ्या वर्षी. शनवारा पेठेतल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कमिटीने मराठी पुस्तकांचं कपाट माळ्यावर चढवायचं ठरवलं तेव्हा.

तो माळा मी पाहिलेला होता. तिथं मांडवाचे बांबू, मोडकी बाकं आणि कबुतरं राहतात. तिथं चढलेली वस्तू पुन्हा खाली आलेली कोणी पाहिलेली नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, बावीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहीत होते. नळाचं पाणी, तुंबलेल्या गटारी, मुलींना संध्याकाळी वाचनालय बंद का, ज्याचा राग येईल त्यावर. छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार मला दारातून येताना पाहूनच विचारायचा, "अब किसकी बारी, बाईजी?"

या वेळी पाळी होती कमिटीच्या अध्यक्षांची. ते निवृत्त हेडमास्तर. घरी मराठी बोलणारा, मराठीतच वाढलेला माणूस, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. सगळं गाव त्यांना मास्तरसाहेब म्हणतं. माझ्या वडिलांना त्यांनी शिकवलं होतं, तेव्हा मला भर सभेत 'पोरी' म्हणायचा त्यांना जन्मसिद्ध हक्कच होता.

"पोरी, मराठी वाचतं कोण आता?" ते म्हणाले. "पोरं हिंदी शाळेत चाललीत. नवी हिंदी पुस्तकं येऊन पडलीत, ती काय डोक्यावर ठेवू मी?"

"मराठी वाचतात लोक. नाही वाचत हे तुम्ही सिद्ध करा."

"कपाट तुला पाहिजे. सिद्ध तू कर."

संधी चालून आली. त्या हिवाळ्यात हायस्कूलच्या मैदानावर आठ दिवसांचा पुस्तक मेळा भरणार होता. इंदूर, अलाहाबाद, नागपूर, पुणे, कुठून कुठून पुस्तकवाले यायचे होते. एवढा मोठा मेळा गावाने कधी पाहिला नव्हता. मैदानाच्या दारात एक पेटी ठेवायची, येणाऱ्याने आपलं सगळ्यात आवडतं पुस्तक चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं आणि शेवटी गावाचा लाडका लेखक जाहीर करायचा, अशी कमिटीची हौस. मी तिथंच पकडलं. चार चिठ्ठ्यांत एक मराठी पुस्तकाची निघाली तर कपाट खाली राहील, असं मास्तरसाहेबांकडून सभेत कबूल करून घेतलं.

मग मी माझी अट घातली. मला भीती होती लबाडीची. कोणीही उठावं, चिठ्ठीवर काहीही खरडावं आणि मूठभर आत सारावं, असं व्हायला नको होतं. मी म्हटलं, पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव दोन्ही लिहिलेलं पाहिजे, एक जरी नसलं तर चिठ्ठी बाद. मास्तरसाहेब हसले. वाचनालयाच्या कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या हो, अट बाईंची आहे."

पत्रकातही मी ती अट ठळक अक्षरांत छापली. वर लिहिलं, 'भीड धरू नका. जे खरोखर आवडतं तेच लिहा.' आणि हात चालूच होता म्हणून खाली रडक्या कादंबऱ्यांना दोन तडाखेही देऊन घेतले. डोळे पुसायला पदर आहे, पुस्तक कशाला, असं काहीतरी. तेव्हा ते वाक्य मला फार आवडलं होतं.

मेळा जोरात भरला. हिंदी जासूसी कादंबऱ्यांच्या दुकानाला पोरांचा गराडा. एक दिवस अलाहाबादचे कोणी नावाजलेले कादंबरीकार आले, तर सह्या घ्यायला कॉलेजची मुलं बाकांवर चढली. मराठीची दुकानं दोन. त्यातला पुण्याचा पुस्तकवाला काळी टोपी घालून, हाताची घडी घालून बसलेला असायचा. बायका यायच्या, पुस्तक उचलायच्या, कागद हुंगायच्या, परत ठेवायच्या. पाककृतींचं तेवढं खपत होतं.

"तुमच्या गावात मराठी वाचतात म्हणे," तो मला म्हणाला. "मला तर नुसता वास घेताना दिसतायत."

"थांबा जरा," मी म्हटलं. माझी खात्री होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पेटी एकदा उघडून पाहिली. मराठी चिठ्ठ्या हव्या तितक्या निघाल्या नाहीत. बाद चिठ्ठ्यांचा ढीग मात्र मोठा होता. मास्तरसाहेबांनी तो माझ्याकडे सरकवला. "वाच. तुझीच माणसं आहेत."

मी वाचू लागले. 'सासू काशीला जाते अन् परतच येत नाही ते.' 'दोन बहिणींचं. लिहिणारी बाईच असणार.' 'खाकी, जाडं.' आणि मग एकामागून एक, वेगवेगळ्या अक्षरांत, 'निळं.' 'निळं.' 'लोधीपुऱ्यातलं निळं.' एका चिठ्ठीवरचं अक्षर पाहिलं आणि माझे कान तापले. 'निळ्या कापडाचं, शेवटची सोळा पानं नसलेलं. फार चांगलं आहे.' ते माझ्या आईचं अक्षर होतं.

ज्या पुस्तकांवर मी पत्रकं काढत होते ती माझ्याच घरी कशी वाचली जातात, हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. आम्ही राहतो लोधीपुऱ्यात. तिथं एक पुस्तक एका घराचं नसतं, गल्लीचं असतं. दुपारी बायका ओट्यावर धान्य निवडायला बसतात, एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. आमच्या गल्लीत वाचणारी माझी आई. पुस्तक या घरातून त्या घरात जातं, आधी पुठ्ठा जातो, मग नावाचं पान जातं. मग ते शनवाऱ्यातल्या जिल्दवाल्या चाचांकडे जातं. चाचा वाचतात उर्दू. सुटी पानं ते शिवत नाहीत, म्हणतात, "बेटा, फटा पन्ना टाँका नहीं पकड़ता." राहिलेलं पुस्तक मिलच्या उरलेल्या कापडात पक्कं बांधून देतात. तिथून पुढे ज्या रंगाचं कापड, ते पुस्तकाचं नाव. लेखक कोण, हा प्रश्नच गल्लीत कोणाला पडत नाही.

आणि या माणसांना मी लेखकाचं नाव मागत होते.

घरी जाऊन मी आईवरच ओरडले. "अगं, निळं हे काय नाव झालं?"

आई ज्वारी पाखडत होती. "काय बोलून राहिली तू? पेठेत कोणालाही सांग निळं दे, बरोबर देते."

"कमिटीला नाही ना कळत!"

"मग कमिटी अडाणी. अन् अट कोणी घातली व?"

मी चपला काढायला वळले.

"आवडतं तेच लिहा म्हणाली तू. लिहिलं. आता म्हणते ते नाही चालत. तू कधी बसली आमच्यात? नुसती पत्रकं काढून राहिली. पदराचं वाक्य वाचून दाखवलं त्या शेजारणीने मला, सगळ्यांसमोर."

मी पत्रक काढून ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि या वेळी ते मला आवडलं नाही.

सकाळी मी मास्तरसाहेबांच्या घरी गेले. सरळ म्हटलं, अट चुकली. पुस्तकं आहेत, वाचणारे आहेत, नावं हरवलीत. बायकांना पुस्तकं मेळ्यात आणू द्या, मराठी पुस्तकवाले ओळखून नावं सांगतील, त्या चिठ्ठ्या धरा.

त्यांनी चष्मा पुसला. "अट तू सभेत घातलीस, छापून वाटलीस. मागे घ्यायची तर छापूनच मागे घे. सही करून."

म्हणजे मी माझ्याविरुद्ध पत्रक काढायचं. तासाभरात लिहिलं. 'ही अट घालणारी मी. ती घालताना मी आपल्या गावाला एकदाही विचारलं नाही. अट चुकीची होती. आपली पुस्तकं घेऊन या, रंग कोणताही असो.' पदराच्या वाक्याबद्दलही एक ओळ घातली. छापखान्यातल्याने मजकूर वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अब अपनी ही बारी, बाईजी?"

सातव्या दिवशी दुपारी बायका आल्या. पिशव्यांत, टोपल्यांत, कापडात गुंडाळलेली पुस्तकं. पुण्याच्या दुकानासमोर सतरंजी टाकली. काळ्या टोपीवाला आधी कंटाळल्यासारखा बसला होता. खाकी पुस्तकाची दोन पानं वाचली आणि टोपी काढून बाजूला ठेवली. "अहो, हे तर बाजारातून कधीचं गेलं! तुमच्याकडे आहे?" मग तो थांबेना. शेजारच्या नागपूरवाल्याशी पैजा लावू लागला.

"यात ती विहिरीत उडी घेते का?"

"घेत नाही हो. घेणार असते, तेवढ्यात दीर येतो."

"मग ओळखलं!"

कारकून नावं लिहून घेत होता. मास्तरसाहेब मागे खुर्ची टाकून बसले होते. सासू काशीला गेलेलं सापडलं. दोन बहिणींचं सापडलं आणि ते एका पुरुषाने लिहिलेलं निघालं, त्यावर बायका जाम चिडल्या.

राहिलं निळं. कारकुनाने हिशेब सांगितला, निळ्याच्या चिठ्ठ्या धरल्या तर कपाट खाली, नाही धरल्या तर वर. पुण्याच्या माणसाने निळं पुस्तक उलटंपालटं केलं. पुढचं पान नाही. शेवटी बोट फिरवून म्हणाला, "पूर्ण एक फर्मा गेलाय, सोळा पानं." मधूनमधून वाचलं, नागपूरवाल्याला दाखवलं. दोघांनी नाही म्हणून माना हलवल्या. "शेवट सांगा," तो आईला म्हणाला. "शेवटावरून कळतं."

आई पुढे सरकून बसली. तिथं उभ्या गर्दीकडे तिने पाहिलंही नाही. ओट्यावर सांगते तसंच सांगू लागली. "ती घर सोडते. पेटी घेऊन स्टेशनावर येते. बाकावर बसते. थंडीचे दिवस असतात. मग गाडी येते, अन् ती गाडीत बसून निघून जाते."

"बसत कुठं?" मागून आवाज आला. "गाडी निघून जाते. ती बाकावरच राहते. स्टेशनमास्तरची बायको तिला चहा आणून देते आणि ती घरी परत येते."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तरसाहेब खुर्चीतून अर्धे उठलेले होते. आपण बोललो हे त्यांना आमचे चेहरे पाहून कळलं असावं.

पुण्याच्या माणसाने कपाळावर हात मारला. "स्टेशनमास्तरची बायको! अहो, मग ते हे!" त्याने पुस्तकाचं नाव घेतलं. लेखकाचं नाव मास्तरसाहेबांनी त्याच्या आधी घेतलं.

मी विचारलं, "तुम्ही कधी वाचलंत?"

"आमची ही आजारी होती तेव्हा," ते म्हणाले. "वाचून दाखवलं तिला. तीनदा." मग कारकुनाकडे वळून, अगदी शाळेतल्या आवाजात, "बघताय काय? लिहून घ्या. चिठ्ठ्या धरा सगळ्या."

कपाट राहिलं. ते आजही खाली आहे, खिडकीजवळ, आणि मला त्यात काही उपकार वाटत नाहीत. ते आमचंच होतं. मी अडवलं होतं तेही मीच सोडवलं, आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगते.

पण सतरंजीवरचं भांडण तेव्हा मिटलं नव्हतं. चिठ्ठ्यांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. आमच्या शेजारणीने मास्तरसाहेबांना धरलं. "परत काहून येईल ती? इतकं सोसून?"

"पुस्तकात तसं आहे, बाई."

"आमच्या पुस्तकात नाही," आई म्हणाली.

तेव्हा मला कळलं. शेवटची सोळा पानं पुस्तकातून गेली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी बसून आपला शेवट ठरवला होता, आणि आई तो दरवेळी न चुकता वाचून दाखवत आली होती. कोरं कापड समोर धरून. मी पत्रकं लिहायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून.

महिन्याभराने पुण्याहून त्या कादंबरीची नवी प्रत वाचनालयात आली. मास्तरसाहेबांनी ती आधी आमच्या घरी पाठवली. रविवारची दुपार होती, मी ओट्यावर बायकांत बसले, पहिल्यांदा. मला सूप दिलं आणि गहू. आईने नव्या पुस्तकातली शेवटची सोळा पानं वाचली, बाक, थंडी, चहा, घर. वाचून झाल्यावर शेजारणीने सुपातला खडा उचलून अंगणात फेकला.

"झालं त्यांचं," ती म्हणाली. "आता आपलं सांग."

आईने नवं पुस्तक खाली ठेवलं आणि निळं मांडीवर घेतलं. शेवटचं पान उघडलं, त्यापुढं नुसतं कापड होतं. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मग भुसावळकडची गाडी आली."