जावेच्या गोळ्या

ओल्या प्लास्टरचा वास आला की मेहकरच्या बसस्टँडवर पडून हात मोडलेली माझी धाकटी जाऊ आठवते. तेव्हा माझी कंबर बरी झाली म्हणून डॉक्टरांनी माझ्या दुखणं थांबवायच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि त्याच गोळ्या तिला मिळाल्या. दुधभाकर खाऊन तिनं गोळी गिळली, उशीला टेकली, चेहरा सैल झाला. मी जळत पाहत राहिले. हात माझाच का मोडला नाही, असं वाटलं. "मले दे ना एक, कंबर लई दुखून राह्यली," मी म्हणाले. "ताई, सकाळी तं भरले हंडे उचलले तुम्ही!" ती सहज बोलली. खरंच, कंबर दुखत नव्हतीच, मला गोळीचीच तलफ आली होती. मी घाबरले. "माह्यापासून लपवून ठेव ह्या," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे सांगायला डॉक्टरांकडे निघाले, तर हात गळ्यात अडकवून तीही सोबत आली. आता ती सवय सुटलीय. तरी कुणाला भेटायला दवाखान्यात गेले की नजर आधी त्याच्या गोळ्यांवर जाते.